साडेतीन वर्षांच्या मुलाला थेट ज्युनिअर केजीत घालू का?

नाशिकहून एका आईचं पत्र आलंय. मोठं आहे, त्यातलं कामापुरतं देते.

"ताई, माझा मुलगा डिसेंबर २०२२ चा. गेल्या वर्षी सारखा आजारी पडायचा म्हणून नर्सरीत घातला नाही. आता जूनसाठी घराजवळच्या एका इंग्लिश मीडियम शाळेत गेलो तर तिथल्या बाई म्हणाल्या की डिसेंबरअखेर चार पूर्ण होतात ना, मग थेट ज्युनिअरला घ्या, नर्सरीत घातलंत तर एक वर्ष वाया जाईल. त्याला रंग विचारले, एबीसीडी विचारली, तो माझ्या मागे लपून बसला. सासूबाई आणि मिस्टर म्हणतात ज्युनिअरच. सासरे झेडपीच्या शाळेतून रिटायर झालेत, ते म्हणतात सहाच्या आत पाटी हातात देऊच नका. नणंद इंग्लंडला असते, तिची मुलगी चारला शाळेत गेली, ती म्हणते फ्रान्समध्ये तर तिसऱ्या वर्षापासून शाळा सक्तीची आहे, आपल्याकडेच सहा कशाला, सरकारने वय खाली आणायला पाहिजे. रोज जेवताना हाच विषय. मला स्वतःला जूनपासून कंपनीत परत जॉइन व्हायचंय. मी काय करू? आणि खरंच कायद्याने वय कमी करायला हवं का? मला अगं म्हटलंत तरी चालेल, मी तुमच्या मुलीच्या वयाची असेन."

अगं, उत्तर आधी देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. नर्सरीत घाल. ज्युनिअरला नको. वर्ष वाया वगैरे काही जात नाहीये.

आता का ते सांगते. एक कागद घे आणि तारखा लिही, कारण या सगळ्या वादात तारखाच कुणी नीट बघत नाही. महाराष्ट्रात पहिलीला वयाची अट सहा वर्षांची, पण ती सहा मोजायची कधी तर त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला. आधी ही तारीख ३० सप्टेंबर होती, २०२० साली ती पुढे ढकलली, तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या आईबापांना केवढा आनंद झाला होता ते मी पाहिलंय. पण शाळा तर जूनमध्ये सुरू होते ना. म्हणजे डिसेंबरचं मूल पहिलीच्या वर्गात बसतं तेव्हा ते साडेपाचचं असतं आणि नर्सरीत बसतं तेव्हा अडीचचं. कागदावर सहा आणि बाकावर साडेपाच. तुझ्या लेकाला या जूनला ज्युनिअरला घातलंस तर तो जून २०२८ ला पहिलीत जाईल, साडेपाचचा. नर्सरीत घातलंस तर जून २०२९ ला, साडेसहाचा. एवढाच फरक आहे, पण त्या वयात एक वर्ष म्हणजे काय असतं हे ज्यांनी बालवाडीत वर्ग घेतलेत त्यांना विचार.

मी घेतलेत, वीसेक वर्षं. दर वर्षी वर्गात दोन-तीन मुलं अशी असायची की ती मठ्ठ नव्हती, हट्टी नव्हती, फक्त लहान होती. जानेवारीतल्या पोराच्या शेजारी डिसेंबरातलं पोर बसलेलं, दोघांना एकच वही, एकच ओळ, एकच शाबासकी. मोठ्याचा क उभा राहायचा, याचा लोळायचा. पालकसभेत याच्या आईला सांगितलं जायचं की लक्ष नसतं हो याचं, फार चुळबुळ करतो. आणि ती बिचारी घरी जाऊन त्याला रागवायची. मीही सुरुवातीच्या वर्षांत हे बोललेय पालकांना, त्याचं आजही वाईट वाटतं मला. चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडंसुद्धा अजून पूर्ण तयार झालेली नसतात गं, त्याला मातीचा गोळा मळू दे, कागद फाडू दे, मग पेन्सिल आपोआप नीट धरतो.

हे नुसतं माझं निरीक्षण नाही. अमेरिकेत काही राज्यांत शाळाप्रवेशाची कट-ऑफ १ सप्टेंबर असते, म्हणजे ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वर्गातलं सगळ्यात लहान आणि सप्टेंबरमधलं सगळ्यात मोठं. २०१८ साली तिथल्या एका नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की ऑगस्टच्या मुलांवर अतिचंचलतेचा शिक्का बसायचं प्रमाण सप्टेंबरच्या मुलांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त होतं. जिथे कट-ऑफ तशी नाही तिथे असा फरक दिसला नाही. म्हणजे आजार बऱ्याचदा मुलात नसून कॅलेंडरमध्ये असतो. तुझा लेक आपल्याकडचा ऑगस्टवाला आहे, म्हणून मी एवढा जोर देऊन सांगतेय.

आणि मिस्टरांना अजून एक सांग, हे त्यांना पटेल. केंद्रीय विद्यालयांनी २०२२ पासून पहिलीचं वय पाचावरून सहा केलं आणि ते ३१ मार्चला पूर्ण पाहिजे. पालक कोर्टात गेले, दिल्ली हायकोर्टात हरले, सुप्रीम कोर्टानेही एप्रिल २०२२ मध्ये निर्णय कायम ठेवला आणि सुनावणीत पालकांना सुनावलं की मुलांना दोन वर्षांचे असतानाच शाळेत घालायची ही घाई त्यांच्या मनाला चांगली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने सगळ्या राज्यांना पत्र लिहून पहिलीसाठी सहा पूर्ण असू द्या असं परत सांगितलं. गुजरातमध्ये त्याच वर्षी हायकोर्टाने तर तीनच्या आतल्या मुलाला पूर्वप्राथमिकला पाठवणं हे पालकांचं बेकायदा कृत्य आहे अशा शब्दांत फटकारलं. तर केंद्रीय विद्यालयाच्या नियमाने मोजलंस तर तुझा लेक २०२९ लाच पहिलीला बसतो, आधी नाही. उद्या बदली झाली आणि तिकडे प्रवेश घ्यायची वेळ आली तर हेच गणित लागेल. मग वाया गेलं म्हणतात ते वर्ष कुठलं?

फक्त एक कर, शाळांमध्ये कमाल वयाचीही अट असते, तेवढं ऑफिसमध्ये विचारून घे, शक्यतो लेखी. तो त्यात बसेल असंच दिसतंय.

आता नणंदेच्या मुद्द्याकडे येते. तिला उडवून लावू नकोस, तिचं अर्धं बरोबर आहे आणि त्या अर्ध्यावर मी स्वतः आयुष्यभर भांडत आलेय.

फ्रान्सने २०१९ पासून सक्तीचं वय सहावरून तीनवर आणलं, खरी गोष्ट आहे. पण कायदा आला तेव्हा तिथली तीन वर्षांची जवळजवळ सगळी, शंभरातली सत्त्याण्णवच्या आसपास मुलं आधीच शाळेत जात होती, कारण गावोगाव सरकारी बालशाळा होत्या, फुकट होत्या, तिथे शिकलेल्या शिक्षिका होत्या. सक्ती शेवटी आली, शाळा कित्येक दशकं आधी. आणि सक्ती करूनही पहिल्या वर्षाच्या पिल्लांना दुपारी घरी नेऊन झोपवायची सवलत पालक मागू शकतात, तशी तरतूद त्यांनी त्याच वर्षी केली. नणंदेला विचार, आपल्याकडे नर्सरीतल्या पोराला दुपारची झोप कोण मंजूर करतं.

इंग्लंडमधलं सक्तीच्या शाळेचं पाच हे वय आलं १८७० च्या कायद्यातून. त्या काळी मुलं रस्त्यावरून आणि कामावरून आत आणायची होती आणि लवकर शिकून लवकर मोकळी करायची होती, पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू काय मागतो हा विचार त्यामागे फारसा नव्हता. आज तिथे बहुतेक मुलं चारलाच रिसेप्शनला, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गाला जातात, पण तो वर्ग पुष्कळसा खेळाचाच असतो, वाळू पाणी ठोकळे, तिच्या मुलीचा फोटो बघ म्हणजे दिसेल. आणि तिथेही एप्रिल ते ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांना वर्षभर थांबून प्रवेश मागता येतो. फिनलंडमध्ये सक्तीची शाळा सातला, त्याआधीचं एक वर्ष पूर्वप्राथमिकचं २०१५ पासून सक्तीचं, पण त्याच्याही खूप आधी, १९९६ पासून, शाळेच्या वयाखालच्या प्रत्येक मुलाला बालसंगोपनाची जागा मिळण्याचा हक्क आहे. हक्क, म्हणजे आईने मागितली तर नगरपालिकेला द्यावीच लागते. हा शब्द लक्षात ठेव कारण आपली सगळी अडचण तिथेच आहे.

आपली घटना लिहिली गेली तेव्हा कलम ४५ मध्ये काय होतं माहितीये? दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना मोफत आणि सक्तीचं शिक्षण. खाली सहाची रेघ नव्हती. ती रेघ २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने मारली. सहा ते चौदा हा मूलभूत हक्क झाला ही मोठीच गोष्ट झाली, पण सहाच्या खालची मुलं त्या हक्काच्या बाहेर राहिली, त्यांच्यासाठी राज्याने प्रयत्न करावा एवढंच उरलं. मग २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, तोही सहापासूनच. त्याच्या कलम ११ मध्ये तीन ते सहाच्या मुलांसाठी सरकार मोफत पूर्वप्राथमिकची सोय करू शकेल असं आहे. करेल असं नाही, करू शकेल. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात तिसऱ्या वर्षापासूनची पाच वर्षं पायाभूत म्हणून धरली आहेत आणि २०३० पर्यंत सगळ्यांना पूर्वप्राथमिक द्यायचं म्हटलंय, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, धोरण दाखवून तुला कोर्टात जाता येत नाही.

आणि यामुळे काय होतं ते तू त्या शाळेत बघून आलीस. पहिलीच्या प्रवेशाला मुलाची किंवा पालकांची परीक्षा घेतली तर शिक्षण हक्क कायद्यात पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. पण नर्सरी, केजीच्या दारात तीन वर्षांच्या मुलाला रंग विचारले जातात, कारण कायदा सहापासून जागा होतो. त्याच्या आधीची तीन वर्षं ज्याला वाटेल त्याने दुकान टाकावं, वाटेल ती फी घ्यावी, अशी मोकळी सोडलीयेत. मला याचा मनापासून राग येतो. तो लपला ना तुझ्या मागे, त्याने अगदी बरोबर केलं. अनोळखी माणूस अंगावर येऊन प्रश्न विचारतोय म्हटल्यावर तीन वर्षांच्या शहाण्या मुलाने आईमागेच लपायचं असतं.

तर कायद्याने वय कमी करायला हवं का? माझं उत्तर असं की हक्काचं वय तीनवर आणा, उद्या आणा, पण पहिलीचं वय आणि पेन्सिलीचं वय एक दिवससुद्धा खाली आणू नका. आणि सक्ती म्हणताना ती कुणावर हे आधी ठरवा. शिक्षण हक्क कायद्यातच बघ, सक्तीचं शिक्षण याचा अर्थ दिलाय तो सरकारवरचं बंधन असा. शाळा दे, प्रवेश दे, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होईल हे बघ, ही सरकारची जबाबदारी. पालकांचं मुलाला घालणं हे कर्तव्य म्हटलंय, पण त्यांना दंड लावलेला नाही. हीच सक्ती तीन वर्षांपर्यंत खाली यावी, सरकारच्या अंगावर, की प्रत्येक वाडीवस्तीवर चालत जाता येईल इतक्या अंतरात चांगली बालवाडी असलीच पाहिजे, मोफत, स्वच्छ संडास असलेली, शिकलेल्या ताई असलेली. आज उलटी सक्ती आणली तर तालुक्याच्या गावातल्या बाईला फीवाल्या नर्सरीच्या रांगेत उभं राहावं लागेल आणि नर्सरीत जे शिकवतात ते म्हणजे पहिलीचाच अभ्यास तीन वर्षं आधी.

सासऱ्यांना गोखल्यांचं बिल आठवत असेल, बघ विचारून, शिक्षक माणूस आहेत, खूश होतील. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं बिल मांडलं, सहा ते दहा वर्षांसाठी, पण त्यात अट होती की ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुलं आधीच शाळेत जातायत तिथेच सक्ती करायची. आधी शाळा, मग सक्ती. ते बिल पुढच्या वर्षी पाडलं गेलं. फ्रान्सने शंभर वर्षांनी जे केलं त्यातली अक्कल आपल्या माणसाने तेव्हाच मांडून ठेवली होती.

आणि सासरे सहाच्या आत काहीच नको म्हणतात तेही पूर्ण बरोबर नाही हं. पाटी नको हे खरं, पण शिकणं नको असं कसं? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तर ताराबाईंनी बालवाडीच पाड्यावर, त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्दच तिथला आहे. खडे, पानं, बिया, शंख हेच साहित्य, आधी आंघोळ, नखं, केस, मग गाणी. गुरं राखणाऱ्या मोठ्या मुलांसाठी कुरणावर शाळा नेली, ती कुरणशाळा. पुढे १९५७ मध्ये कोसबाडला गेल्यावरही पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवायच्या, कारण धाकट्याला सांभाळायला घरी राहिलेली आठ वर्षांची बहीण शाळेत यायची असेल तर धाकट्यालाही जागा हवी हे त्यांनी ओळखलं होतं. मला या गोष्टीने कायम भरून येतं. तीन वर्षांच्या मुलाची सोय केली की तीन वर्षांचं मूल तर शिकतंच, पण त्याच्यामागे अडकलेली ताई सुटते, आई सुटते.

आई म्हटल्यावर तुझ्याकडे येते, कारण पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू शेवटी टाकलीस. तुला जूनपासून कामावर जायचंय. मला वाटतं घरातल्या ज्युनिअरच्या आग्रहाचं एक कारण हेही असेल, ज्युनिअरचे तास जास्त, मूल जास्त वेळ शाळेत. यात काही चूक नाही, पण मग तसं सरळ बोला घरात, की आपल्याला मूल सांभाळायला जागा हवीये. ती शाळेच्या नावाने मागितली की मुलाच्या डोक्यावर अभ्यास येतो. तुझ्या कंपनीत ५० किंवा जास्त माणसं आहेत का? असतील तर मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला आलेल्या आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत असलेल्या नियमाप्रमाणे कंपनीला पाळणाघराची सोय करावी लागते, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आलं पाहिजे. एचआरला लेखी मेल टाक, तोंडी विचारू नकोस. नसेल तर सकाळी तीन तास नर्सरी आणि दुपारी आजी-आजोबा किंवा जवळचं चांगलं पाळणाघर. आजोबांना काम द्या, ते चाळीस मुलांचा वर्ग सांभाळलेले आहेत, एका नातवाला गोष्ट सांगताना त्यांचंही मन रमेल.

आणि अंगणवाडी बघून ये एकदा. हो, खरंच. नाक मुरडू नकोस. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाड्यांची सरकारी योजना सुरू झाली, पन्नास वर्षं होऊन गेली, आणि आपल्या मध्यमवर्गाने ती खिचडीची जागा म्हणून सोडून दिली. तिथल्या ताई पोषण, लसीकरण, सर्व्हे, रजिस्टरं सगळं करून मुलांना शिकवतातही, आणि त्यांना मिळतं ते मानधन, पगार नाही. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी ताईंनी ५२ दिवस संप केला तो काय उगाच? सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे असा निकाल दिला आणि त्या पूर्वप्राथमिक शिक्षणाचंही काम करतात हे त्यात मान्य केलं. काही अंगणवाड्या खरंच फार छान असतात, काही अगदी वाईट, एकाच वॉर्डात दोन्ही सापडतील. तुझ्या घराजवळची कशी आहे ते बघितल्याशिवाय कळणार नाही. आपल्यासारख्यांची मुलं तिथे गेली तर त्या नळाला पाणी का नाही हे विचारायला चार तोंडं वाढतील, एवढाही विचार कर.

शाळा बघायला जाशील तेव्हा अकराच्या सुमाराला जा, आधी न सांगता. गेटवरच्या फळ्यावर काय लिहिलंय ते राहू दे, मुलं कुठे आहेत ते बघ, जमिनीवर की बाकावर, हातात काय आहे. वर्गात किती मुलं आणि ताई किती. वही असते का नर्सरीत, गृहपाठ देता का, हे विचार आणि हो म्हणाल्या तर सरळ घरी ये. मूल रडलं तर काय करता हे विचार आणि उत्तर देताना त्यांचा चेहरा बघ. मराठीत बोललेलं चालतं का विचार, कारण तीन वर्षांच्या मुलाला शू लागलीय हे घरच्या भाषेत सांगता आलं पाहिजे, तिथे इंग्लिशची अट म्हणजे छळ आहे. संडासात जाऊन बघ, नळ आणि बेसिन त्याच्या उंचीचं आहे का.

घरी वेगळं काही करायचं नाहीये. मटार सोलायला दे, कणकेचा गोळा दे, चिंचोके मोजू दे, रात्री एक गोष्ट, तीच तीच मागितली तरी तीच. रंग त्याला येतात की नाही हे बघायचं असेल तर भाजीवाल्याकडे घेऊन जा, तिथे तो तुझ्या मागे लपणार नाही.

सासूबाईंशी मात्र तू एकटी बोलू नकोस, मिस्टरांना बरोबर घे, आणि तो तारखांचा कागद समोर ठेव. वर्ष वाया जाईल या भीतीत त्यांची माया आहे, नातू कुणाच्या मागे राहू नये एवढंच त्यांना वाटतं. त्यांना सांग की मागे राहायची भीती साडेपाचला बसवण्यात जास्त आहे. आणि शाळेने ज्युनिअरचीच जागा आहे, नर्सरी फुल झाली असं म्हटलं तर दुसरी शाळा बघ, जूनला अजून वेळ आहे. कुठे घातलंस ते कळव, आणि पहिले आठ दिवस तो रडला तर तेही कळव, त्यावर आपण वेगळं बोलू.